डोळे भरायचा दिवस

पहाटे साडेपाच

सावद्यात आषाढातलं उजाडणं पावणेसहाच्या आसपासचं. डोळकाड्या, म्हणजे कलमासाठी डोळे घ्यायच्या काड्या, कापायला मी त्याच्या थोडं आधीच परसात उतरते. रात्रभरात झाडानं पाणी ओढून घेतलेलं असतं, साल भरलेली असते आणि चाकू लावला की अलगद सुटते. ऊन चढल्यावर कापलेली काडी दुपारपर्यंत मलूल पडते. तिच्यावरचा डोळा कितीही निगुतीनं बसवला तरी धरत नाही. डोळा भरणाऱ्याच्या हाताचं कौतुक सगळे करतात, पण निम्मं यश काडी निवडण्यात असतं, असं माझं ठाम मत आहे.

विहिरीला लागून मेहरूणचं बोर आहे. सासऱ्यांनी जळगावच्या मेहरूण तलावाकडून काड्या आणून इथल्या गावठी बोरीवर डोळा भरला होता, त्याचं हे झाड. फळ मध्यम, लांबट, टोकाला निमुळतं. गर करकरीत, आणि गोडी अशी की संक्रांतीच्या सुगडात घालायला ठेवलेली बोरं मुलांपासून लपवावी लागतात. मेहरूण आता जळगाव शहराच्या पोटात गेलंय. जिथं बोरांच्या बागा होत्या तिथं घरं उभी राहिली. म्हणून हे झाड मला नुसतं आमच्या घरचं वाटत नाही. जितक्या खुंटांवर ते पसरेल तितकं बरं.

काडी कोणत्या फांदीची घ्यायची, हे मात्र आषाढात ठरवता येत नाही. ते पौषात ठरवायचं, फळं अंगावर असताना. एकाच झाडावर एक फांदी सरस फळ देते, दुसरी रोडावलेली असते, तिसरीवर भुरी हटकून येते. चांगल्या फांद्यांना मी तेव्हाच तांब्याच्या तारेचं सैल कडं घालून ठेवते. चिंधी उन्हापावसात कुजून जाते, तार राहते. वैशाखात छाटणी करताना तारेच्या वर कापायचं. मग मृगाच्या पावसानंतर त्या फांदीवर जी नवी फूट येते, तीच माझी डोळकाडी.

काडी पेन्सिलीएवढी जाड हवी. डोळा फुगलेला हवा, पण फुटलेला नको. शेंड्याकडचा भाग कोवळा, तो टाकून द्यायचा. बुडाकडचे डोळे चपटे आणि सुस्त, तेही सोडायचे. मधला वीतभर तुकडा तेवढा कामाचा. पानं कात्रीनं उडवायची आणि देठ मात्र काडीला तसेच राहू द्यायचे. या देठांचं काम पुढं आहे. सिकेटरनं काटे खुडायचे, नाहीतर पुढं दिवसभर बोटांतून रक्त येत राहतं. जातवार जुड्या बांधून ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या आणि सावलीत ठेवायच्या. मेहरूणच्या जुडीला पांढरा दोरा, उमराणच्या जुडीला लाल. उमराणचं एक झाड गोठ्यामागं आहे. फळ मोठं, अंडाकृती, पिवळंधमक, आणि जास्त पिकलं की चॉकलेटी होणारं.

सव्वासहा

डोळे भरणारे नाना आले. वय सत्तरीपुढं, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, पण चाकूच्या पात्याची धार ते अजून अंगठ्यानंच ओळखतात. आल्या आल्या ओट्यावर बसून त्यांनी पिशवीतून दगड काढला आणि त्यावर पाणी शिंपडलं.

“आभाय भरेल हे, बाई. दहाच्या आत उरकू.”

“आधी चहा घ्या, नाना. सूनबाई पट्ट्या कापतेय अजून.”

चाकू परजून झाला की ते मनगटावरची लव काढून बघतात. लव निघाली तर चाकू तयार. बोथट चाकू साल कापत नाही, चेंगरतो, आणि चेंगरलेली साल काळी पडते. त्यांच्याजवळ दोन चाकू असतात. एक नुसता डोळा काढायला, दुसरा खुंटावर काप द्यायला. मधूनमधून दोन्ही स्पिरिटच्या फडक्यानं पुसून घेतात. एका झाडाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून ही काळजी, आणि रोपवाटिकेत घाईनं काम करणारे नेमकी हीच सोडून देतात.

सात

परसाच्या उत्तर बाजूला बोराचे नवे खुंट आहेत. हे पिशवीतले नाहीत, इथंच बियांपासून वाढवलेले. गेल्या वर्षी बांधावरच्या गावठी बोरीची पिकून पडलेली फळं गोळा केली, गर धुऊन काढला आणि आठळ्या मिठाच्या दाट पाण्यात टाकल्या. तरंगल्या त्या फेकल्या, बुडल्या त्या ठेवल्या. आठळी तशीच पेरली तर उगवायला तीन-चार आठवडे लागतात. कवच हलक्या हातानं तडकवलं तर आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो. प्रत्येक खड्ड्यात तीन-तीन पेरल्या, जोमदार रोप राहू दिलं आणि बाकीची काढून टाकली. खड्डे वीस-वीस फुटांवर. दाटी केली तर पुढं दोन्ही झाडं उन्हासाठी भांडतात आणि फळ फक्त शेंड्याला लागतं.

रोप आणून लावायचं सोडून इतका खटाटोप कशासाठी, असं पाहुणे विचारतात. उत्तर जमिनीखाली आहे. बोरीचं सोटमूळ पहिल्या वर्षीच सरळ खोल जातं. पिशवीत वाढलेल्या रोपाचं मूळ तळाशी पोचलं की गोल वळतं, किंवा पिशवी हलवताना तुटतं. तसं झाड जगतं, फळही देतं, पण उन्हाळ्यात पाणी मागतं. जागेवर वाढलेल्या खुंटाचं मूळ स्वतःच पाण्याचा माग काढतं. कोरडवाहू भागासाठी बोराचा डोळा जागच्या खुंटावरच भरावा, हे जोधपूरच्या काजरी संस्थेनंही, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनं, बरीच वर्षं सांगितलं आहे. नाना कुठल्या पुस्तकात न बघता तेच म्हणतात.

“सोटमुय तुटली का झाड जल्मभर पानी मांगते.”

मग काम सुरू झालं. नाना खुंटासमोर उकिडवे बसले. जमिनीपासून वीतभर वर खोडाची गुळगुळीत जागा त्यांनी बघून घेतली, तिथले काटे आणि कोवळी फूट काढली, फडक्यानं माती पुसली. डोळा शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या अंगाला बसवायचा, दुपारचं ऊन थेट लागू नये म्हणून. आधी आडवा काप, दीड सेंटिमीटरचा, फक्त सालीपुरता. त्याच्या मधोमध खाली उभा काप, अडीच-तीन सेंटिमीटरचा. चाकूच्या मागच्या हाडी टोकानं दोन्ही बाजूंची साल हलकेच उचलली. आत ओलसर, चकचकीत, फिकट पांढरा भाग दिसला. हा थर जिवंत असतो तोवरच सगळा खेळ आहे. खुंटाला रस चढला नसेल तर साल चिकटून राहते, ओढली की फाटते. तसं झालं तर नाना ओढाताण करत नाहीत, तो खुंट सोडून पुढच्याकडे जातात. आठ दिवस पाणी देऊन पुन्हा बघायचं.

आता काडी. डोळ्याच्या खालून चाकू घालून वर नेला, आणि देठासकट ढालीच्या आकाराचा इंचभर तुकडा निघाला. मागं लाकडाची पातळ कपची चिकटली होती, ती नखानं अलगद उचलली. इथंच नवखे चुकतात. कपची ओढताना डोळ्याच्या आतला बारीक गाभाही निघून येतो, मागं खड्डा पडतो, आणि तो डोळा पुढं हिरवा राहूनही कधी फुटत नाही. म्हणून तुकडा उजेडाकडं धरून बघायचा. खड्डा दिसला तर टाकायचा, हळहळायचं नाही.

देठ चिमटीत धरून नानांनी तो तुकडा वरून सालीच्या आत सरकवला. आतल्या बाजूला बोट लागता कामा नये, बोटाचा घाम आणि माती दोन्ही वाईट. वरची कड आडव्या कापाशी नेमकी भिडली. सुनेनं लगेच पट्टी गुंडाळायला घेतली, खालून वर, प्रत्येक फेर आधीच्या फेरावर अर्धा चढवत, म्हणजे वरून आलेलं पावसाचं पाणी आत शिरत नाही. डोळा आणि देठ तेवढे उघडे. काप दिल्यापासून गाठ मारेपर्यंत मिनिटभरही गेलं नाही.

“आई, घट्ट झालं का?”

“नखानं दाबून बघ. पट्टी हलायला नको, पण खोडात रुतायलाही नको.”

सून पुण्यात वाढलेली, इथं येऊन तिला फार दिवस झाले नाहीत. गेल्या पावसाळ्यात ती नुसत्या काड्या धरायची. आता पट्टी तिच्याकडं आहे, आणि पुढच्या वर्षी चाकू तिच्या हाती द्यायचा, असं नानांनी आपणहून ठरवलंय.

साडेआठ

गोठ्याजवळची जुनी गावठी बोरी. फळ गोट्यांएवढं, आठळीच जास्त, चव आंबटतुरट. ही बोरी सासऱ्यांच्याही आधीची. हिला आम्ही वैशाखात कमरेच्या उंचीवर कापलं आणि कापावर बोर्डो पेस्ट लावली, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी या मापाची. पहिल्या पावसानंतर बुंध्यातून फुटीचं रान माजलं. त्यांतल्या चार जोमदार, चार दिशांना जाणाऱ्या फांद्या ठेवल्या, बाकीच्या खुडल्या. या चार आज पेन्सिलीएवढ्या झाल्या आहेत.

दोनवर मेहरूण, एकीवर उमराण. चौथी तशीच गावठी.

चौथी फांदी गावठी का, हे समजून घ्यायला थोडं लांब जावं लागेल. हिमाचलातल्या सफरचंदाच्या बागांत मधूनमधून रानसफरचंदाची झाडं लावतात. फळ बोराएवढंच, आंबट, बाजारात कवडीची किंमत नसलेलं. पण ती झाडं फुलांनी लदबदतात, आणि भारी सफरचंदांना आपल्याच जातीच्या परागानं फळ नीट धरत नसल्यामुळं हा पराग लागतो. ज्यांच्या बागेत अशी झाडं नाहीत ते फुललेल्या डहाळ्या तोडून पाण्याच्या भांड्यांत घालून सफरचंदाच्या फांद्यांना टांगतात. काही जण सरळ मुख्य झाडावरच रानसफरचंदाची एक फांदी कलम करून घेतात. सफरचंदाच्या कलमाला खुंट म्हणूनही ही रानटी भावंडं वापरात आहेत. शिमल्याजवळच्या कोटगढ भागात सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ साली अमेरिकेतलं लाल सफरचंद लावलं, आणि त्या डोंगरांचं नशीब पालटलं. पण गोड फळामागं हे आंबट झाड उभं आहे, हे बाजारात फळ घेणाऱ्याला दिसत नाही.

बोराचंही तसंच आहे. पुष्कळ जातींत स्वतःच्या परागानं फळ धरत नाही. काही जातींची फुलं सकाळी उमलतात, काहींची दुपारकडं. भादव्या-अश्विनात ही बारीक हिरवट-पिवळी फुलं येतात तेव्हा माश्या आणि मधमाश्या दिवसभर झाडावर घोंगावत असतात, आणि त्यांना एका झाडावरून दुसऱ्या जातीकडं जायला मिळालं पाहिजे. घरच्या बागेत एकच कलमी झाड लावून ‘फूल येतं, गळून जातं’ म्हणणारे खूप भेटतात. त्यांनी त्याच झाडावर दुसऱ्या जातीचा डोळा भरावा, किंवा कुंपणातली गावठी बोरी राखावी. तिच्यापासून खुंटासाठी बीही मिळतं. गावठी बोरी संपली तर पुढच्या कलमांना पाय कुठून आणणार? चन्यामन्या बोरांचं रानातलं झुडूप त्या कामाला चालत नाही, त्याचं खोड भरतच नाही.

पावणेदहा

थेंब आले. नानांनी हातातला डोळा बसवून पूर्ण केला, पट्टी बांधून घेतली आणि चाकू मिटला. पावसात डोळा भरायचा नाही. सालीत पाणी गेलं की आतून कुजतं. उरलेल्या काड्या पुन्हा ओल्या गोणपाटात, आणि माठाच्या कडेला. तिथं त्या उद्यापर्यंत बऱ्या राहतात.

दहा

कळण्याची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची भाजी, कच्च्या तेलाबरोबर ठेचा. नानांना ओट्यावर पान वाढलं. जेवताना ते फारसं बोलत नाहीत.

अकरा ते एक

शेतावर. केळीच्या मृगबागेची लागण चाललीय. सावद्याच्या चहूबाजूंना केळीच. इकडं फैजपूर, तिकडं रावेर, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आणि दक्षिणेला तापीकडं नजर जाईल तिथवर हिरवीगार पानं. सावदा-रावेरच्या स्थानकांवरून दिल्लीकडं केळीच्या वाघिणी भरून जायच्या, आता रस्त्यावर ट्रकांची रांग असते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी भरिताच्या वांग्यालाही. केळीनं या भागाला शाळा, महाविद्यालयं, पक्की घरं दिली. मीही केळीच्याच घरातली आहे, तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही.

पण केळी वर्षभर पाणी पिते, आणि रावेर-यावल पट्ट्यात भूजल उपशामुळं खूप खोल गेलं आहे. आमच्या विहिरी आटल्या, मग कूपनलिका आल्या, मग त्यांची खोली वाढत गेली. मे-जूनच्या वादळात एका रात्रीत उभी बाग आडवी होते, हे इथल्या प्रत्येक घरानं बघितलंय. त्याच वादळात बांधावरची बोरी जागची हलत नाही. उन्हाळ्यात ती पानं झाडून टाकते आणि झोपी जाते. पाण्याची टंचाई असते तेव्हाच ती पाणी मागत नाही. असं झाड बांधावर आपणहून उगवलेलं असताना ते उपटून काढायचं आणि नंतर पैसे मोजून पिशवीतली रोपं आणायची, यात मला शेतीचं शहाणपण दिसत नाही. जी मुळं जमिनीनं वाढवलीत ती ठेवावीत आणि वरचं फळ आपण बदलावं. घरची बाग करायची तर खान्देशात याच्याइतका सोपा, स्वस्त आणि टिकाऊ मार्ग मला माहीत नाही.

मजुरांचं जेवण, ठिबकच्या नळ्या, दोन ओळींत राहिलेल्या खाचा. एक वाजता घरी.

दुपार

सुनेच्या मोबाइलवर तिच्या मैत्रिणींचे प्रश्न येत असतात. आजचा प्रश्न अ‍ॅपल बोराचा. थायलंडहून आलेली ही जात गेल्या दहा-पंधरा वर्षांत सगळीकडं पसरली. झाडाला काटे कमी, फळ लहान सफरचंदाएवढं, लागवडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी उत्पन्न सुरू. विकण्यासाठी लावणाऱ्याला ती परवडते, हे खरं आहे. पण खाऊन बघितलं तर पाणचट लागते. घरासाठी झाड लावायचं तर आकाराकडं कशाला बघायचं? घरच्या बोराला चव हवी, आणि पौषात मुलं ओंजळ भरून नेतील इतकी फळं हवीत. फांदीवर जागा असेल तर तिचाही एक डोळा भरा, माझी हरकत नाही. मुख्य झाड मात्र मेहरूण, कडाका, उमराण यांतलं असावं.

या जाती दूरवर पोचल्या त्या १९९० नंतर, रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळं. पाऊस कमी असलेल्या तालुक्यांत तेव्हा डाळिंबाबरोबर बोरही मोठ्या प्रमाणावर लागलं. पुढं डाळिंबाला पैसा आला आणि बोरी पुष्कळ ठिकाणी निघाल्या. निघाल्या त्यांचं मला वाईट वाटतं. झाड एकदा लागलं की चाळीस-पन्नास वर्षं फळ देतं, आणि दरवर्षीची छाटणी, भुरीसाठी गंधकाची फवारणी, उन्हाळ्यात बुंध्याखालची खणणी एवढंच ते मागतं. खणणी का, तर फळमाशीचे कोष त्या मातीत असतात, ते उन्हात उघडे पडून मरतात. खाली पडलेली किडकी फळं मात्र रोज वेचून पुरावी लागतात. ते काम शाळेतली मुलं चार बोरांच्या मोबदल्यात आनंदानं करतात.

साडेतीन

पाऊस उघडला. जूनच्या शेवटी भरलेले डोळे बघायची वेळ. इथं देठाचं काम आहे. डोळा भरताना ठेवलेल्या देठाला बोटानं हलकेच टिचकी मारायची. देठ पिवळा होऊन सहज गळून पडला तर डोळा जिवंत आहे, झाडानं नको असलेला देठ स्वतः सोडून दिला. देठ काळा पडून वाळला आणि तिथंच चिकटून राहिला तर डोळा मेला. दोन आठवड्यांत निकाल कळतो, पट्टी सोडायचीही गरज पडत नाही. सुनेनं एकेका खुंटापाशी थांबून टिचकी मारली आणि मी वहीत खुणा केल्या. मेलेल्या डोळ्यांच्या खुंटांना दुसऱ्या बाजूनं पुन्हा भरता येतं. हंगाम श्रावणाच्या शेवटापर्यंत आहे.

जिवंत डोळ्यांची पट्टी तीन-चार आठवड्यांनी सोडायची. खोड भरायला लागलं की पट्टी रुतते आणि रस अडतो. मग खुंटाचा शेंडा. तो एकदम कापून टाकण्यापेक्षा आधी डोळ्याच्या वीतभर वर अर्धा कापून वाकवून ठेवलेला मला बरा वाटतो. मुळांना पानांचा आधार राहतो आणि जोर डोळ्याकडं वळतो. डोळा फुटून हातभर झाला की उरलेला खुंट डोळ्याच्या बोटभर वर तिरपा कापायचा आणि त्यावर पेस्ट.

यापुढचं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि तेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. डोळ्याच्या खालून खुंटाची स्वतःची फूट येत राहते. ती गावठी, रांगडी, आणि मूळ तिचंच असल्यामुळं तिचा जोर मोठा. दर आठवड्याला ती अंगठ्यानं खुडली नाही तर दोन पावसाळ्यांत ती कलमाच्या वर जाते आणि कलम सावलीत मरतं. ‘मेहरूण लावलं होतं, गावठी निघालं, रोपवाल्यानं फसवलं’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या झाडाशी जाऊन मी बुंधा बघते. बहुतेक वेळा कलमाची वाळकी काडी तिथंच उभी असते. झाड राखायचं तर पहिली दोन वर्षं खाली वाकून बघायची सवय लागते. फूट कात्रीनं कापू नये, कोवळी असतानाच मुळापाशी खुडावी. कापली तर तिथं एकाच्या तीन होतात.

नवीन फुटलेल्या डोळ्यांना बांबूची काठी लावली. बोराची फूट लांब आणि लवचीक असते, वाऱ्यानं सांध्यापाशीच निखळते. काठीला सैल आठाच्या आकाराची गाठ मारायची. हे सुनेनं एकटीनं केलं, मी बाजूला उभी होते.

सहा

दिराचा मुलगा आला. शेजारचं शेत त्याचं. बांधावर दोन गावठी बोरी आहेत, त्या जेसीबीनं काढून ठिबकची मुख्य नळी सरळ न्यायचीय म्हणाला.

“काकू, काट्यांनी ट्रॅक्टरची टायरं फुटतात. फळ तर बकऱ्यांशिवाय कोणी खात नाही.”

“वैशाखात कुंपणासाठी काट्या तोडल्या होत्यास ना त्यांच्या?”

“हो. साफ बोडक्या केल्या होत्या.”

“मग आता फूट आली असेल. पेन्सिलीएवढी झालीय का?”

त्यानं अंगठा नि बोट जुळवून जाडी दाखवली. मी गोणपाट उलगडून त्याला काड्या दाखवल्या. माठाशी ठेवलेल्या मेहरूणच्या अजून ताठ होत्या. नाना तोवर पलीकडच्या घरून परत आले होते, त्यांनी एक काडी उचलून वाकवून बघितली.

“उद्या पान्यानं उघडीक देली त् तिठीच जाऊ. दोन बोऱ्या मन्जे आठ डोये.”

“सहा,” मी म्हटलं. “प्रत्येकीची एक फांदी गावठी राहू द्या.”

नळीचं त्याला पटायला वेळ लागला. बोरीच्या बुंध्यापासून चार फूट अलीकडून वळवली तर दोन एल्बो आणि थोडी जास्त नळी लागेल, एवढाच फरक. जेसीबीचं तासाचं भाडं त्याहून जास्त आहे, हे त्यानं स्वतःच मनात मांडून बघितलं. काट्यांसाठी उपाय नानांनी सांगितला. मेहरूणची फूट वाढली की तिला छाटणीत आतल्या बाजूला वळण द्यायचं आणि बांधाकडच्या फांद्या दरवर्षी मागं घ्यायच्या. फळ कधी येईल म्हणून त्यानं विचारलं. मूळ जुनं असल्यामुळं पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला थोडं, त्याच्या पुढच्या वर्षी बाजारात नेण्याइतकं, असं मी सांगितलं.

आठ

वहीत उद्याची नोंद केली. मेहरूणच्या पाच, उमराणच्या तीन काड्या, दोन जादा. पट्ट्या पुऱ्या आहेत. स्पिरिट आणायचंय. नानांना पहाटे पुतण्याच्या शेतावर सोडायला मोटरसायकल लागेल. त्याला फोन करून एक राहिलेलं सांगितलं. बकऱ्या कोवळी फूट ठेवणार नाहीत, म्हणून वैशाखात तोडलेल्या काट्यांतल्या थोड्या कुंपणातून उपसून दोन्ही बुंध्यांभोवती लाव, नाना येण्याच्या आत. ‘आताच लावतो, बॅटरी आहे’ म्हणाला.